सहा व्होल्टचं इंजिन, बारा व्होल्टचा रूळ

गेल्या दिवाळीत नांदेडला मामांच्या माडीवर माझं इंजिन जळलं. हातात मावेल एवढंच, खेळातलं. पण लातूरला तीन महिने रात्री जागून मी ते केलं होतं. बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या इंजिनाचं रूप, १:८७ या प्रमाणात. बार्शी लाइटचा रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ येतात. म्हणून बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ या इंजिनाला जवळजवळ अचूक बसतो. आत रोबोटिक्सची पोरं वापरतात ती एन-२० नावाची चिमुकली गिअर मोटर होती, ६ व्होल्टची. मामांकडचा कंट्रोलर मात्र मॉडेल रेल्वेत बहुतेक ठिकाणी असतो तसा, १२ व्होल्टचा. मामांच्या सात वर्षांच्या नातवानं नॉब शेवटपर्यंत फिरवला. इंजिन वळणावर घसरलं, डब्यात अडकलं, चाकं जागीच रुतली आणि नॉब तसाच राहिला. थोड्याच वेळात वार्निश जळाल्याचा वास माडीभर पसरला.

मामांनी तीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवलं. मी लातूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्या दिवसापासून आमचा वाद सुरू झाला. आधी फोनवर आणि मग संक्रांतीला मी नांदेडला गेले तेव्हा त्याच माडीवर, समोरासमोर. कमी व्होल्टचं इंजिन नेहमीच्या कंट्रोलरवर सुखरूप चालवायचं, तर मर्यादा कुठं बांधायची? माणसाच्या हातात, रुळाला जाणाऱ्या विजेत, की इंजिनाच्या पोटात? तो वाद जसा झाला तसा इथं मांडते.

मामा : मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, नॉबवर लाल खूण कर. अर्ध्याच्या पुढं न्यायचंच नाही. वायरमनचं पहिलं हत्यार त्याचा हात. हात शिकलेला असला की काही जळत नाही बघ.

मी : तुमचा हात शिकलेला आहे, मामा. नॉब फिरवणारा हात सात वर्षांच्या लेकराचा होता. आणि शिकलेला हात तरी दिवसभर नॉबवर कुठं असतो? विहिरीवरची मोटर आठवा. लाइट येते रात्री. मोटर सुरू होते, मध्येच एक फेज जातो. तिथं राखण करत कोण बसणार? म्हणून तर स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. शेतकऱ्याला ‘सावध राहा’ म्हणून वाइंडिंग वाचत नाही.

मामा : हे मान्य. पण विहिरीवर व्होल्टेज कमी पडलं म्हणून मोटर जळते आणि इथं जास्त झालं म्हणून जळाली. दोन्हीला तू एकाच दावणीला कशी बांधायलीस?

मी : जळण्याचं कारण दोन्हीकडं एकच आहे. कॉइलमधून झेपेल त्याहून जास्त करंट गेला आणि ती उष्णता बाहेर पडायला वेळ मिळाला नाही.

मामा : थांब, ते मी सांगतो. आयुष्यभर फळ्यावर लिहिलंय. डीसी मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलटा दाब तयार करते. आलेल्या व्होल्टेजला ती आतून ढकलते. म्हणून मोकळी फिरणारी मोटर फार करंट घेत नाही. पण चाक अडलं की हा उलटा दाब शून्य होतो. मग कॉइलचा रेझिस्टन्स तेवढा उरतो. तुझ्या मोटरची कॉइल आपण मोजली ती १२ ओहम. सहा व्होल्टवर ती अडली तर करंट अर्धा अँपिअर, उष्णता ३ वॅट. बारा व्होल्टवर अडली तर करंट १ अँपिअर, उष्णता १२ वॅट. व्होल्टेज दुप्पट, उष्णता चौपट. बोटाच्या पेरापेक्षा लहान मोटरीत १२ वॅट! ती राहील कशी?

मी : आणि मोकळी पळत असेल तरी धोका टळत नाही. १२ व्होल्टवर ती जवळजवळ दुप्पट वेगानं फिरते. कार्बन झिजतो, ठिणग्या वाढतात, गिअरचे दात घासतात. समोरच्या दिव्याचा छोटा बल्ब असेल तर तो आधीच जातो.

मामा : म्हणजे दोन शत्रू आहेत. पळताना वेग मारतो, अडल्यावर उष्णता मारते.

मी : हेच वाक्य धरून ठेवा मामा, पुढं लागेल.

मामा : अजून एक सांगतो, ते तुमच्या पुस्तकात नसतं. कंट्रोलरवर ‘१२ व्होल्ट’ लिहिलंय म्हणून १२च येतात असं नाही. माझा हा कंट्रोलर जुन्या पद्धतीचा. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि पुढं नॉब. काल मल्टिमीटर लावला. रुळावर काहीच नसताना नॉब पूर्ण फिरवला तर काटा सोळाच्या वर गेला. मोठं इंजिन ठेवलं तेव्हा कुठं तो बाराला आला. तुझं हलकं इंजिन करंटच किती घेतं? ६०-७० मिलिअँपिअर. त्याच्या वाट्याला बारा नाही, पंधरा-सोळा व्होल्ट येत होते.

मी : म्हणून मोजायचं ते इंजिन रुळावर चालत असताना. काही नवे कंट्रोलर याहून फसवे असतात. ते व्होल्टेज कमी करतच नाहीत. पूर्ण बारा व्होल्टचे तुकडे झटपट चालू-बंद करत पाठवतात. नॉब अर्ध्यावर असला तर मीटर सहा दाखवतो, पण मोटरीला बसणारा प्रत्येक धक्का बाराचाच असतो. साध्या मोटरीला ते बरंचसं चालतं. ज्यांच्या आत लोखंडी गाभा नसतो त्या नाजूक मोटरी मात्र अशा धक्क्यांनी तापतात. तुमची लाल खूण तिथं उपयोगाची नाही. नॉबची जागा बघून मोटरीवर काय गुदरतंय ते कळत नाही.

मामा : बरं, लाल खूण मी पुसतो. आता तुझं सांग.

मी : माझं म्हणणं सरळ आहे. बंदोबस्त इंजिनाच्या आत हवा. रूळ कुठलाही असो, कंट्रोलर कुणाचाही असो, इंजिनानं स्वतःला सांभाळावं. आपल्या मोठ्या रेल्वेनं हेच केलं. मुंबईत १९२५ साली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढं देशभर २५ हजार व्होल्ट एसी आला, पण मुंबईत डीसीच राहिला. दोन्हींच्या सीमेवर इंजिन बदलावं लागायचं. तेव्हा डब्ल्यूसीएएम जातीची इंजिनं आली, दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी. एसीच्या तारेखाली आतला ट्रान्सफॉर्मर दाब उतरवायचा. डीसीच्या तारेखाली आतल्या मोटरी एकामागे एक सिरीजमध्ये जोडल्या जायच्या, म्हणजे दाब त्यांच्यात वाटला जायचा. तारेत काय वाहतंय याची काळजी इंजिनानं आपल्या पोटात घेतली.

मामा : आणि पुढं काय झालं तेही सांग की. २०१६ पर्यंत मुंबईचा तो डीसी काढून सगळीकडं २५ हजार एसी केलं. दोन्हीकडं चालणारं इंजिन ही तडजोड होती. जड, महाग आणि डीसीवर गेलं की ताकद कमी. शेवटी इलाज तारेतच करावा लागला ना? तू तुझ्याच लातूरच्या गाडीचं उदाहरण विसरायलीस.

मी : कुठलं?

मामा : एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट उभी करणारा इंजिनिअर. १८९७ ला बार्शी रोडपासून, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत त्याची गाडी सुरू झाली. १९११ ला लातूरला आली. त्यानं आधी काय ठरवलं? रूळ हलका, स्वस्त. त्यावर कुठल्याही आसाचं वजन ५ टनांच्या वर जाणार नाही. इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, मर्यादा एकच. इंजिन जड झालं तर चाकं वाढवायची, पण आसावर ५ टनच. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीनं त्याला पुष्कळ चाकांची इंजिनं करून दिली. मर्यादा आधी लाइनीची ठरली, गाड्या तिच्या हिशेबानं झाल्या. तुझं इंजिन त्याच बार्शी लाइटचं आहे आणि तू मर्यादा डब्याडब्यात शोधायलीस!

मी : पण लाइनीची मर्यादा कायमची नसते, मामा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली, जलदूत. १२ एप्रिलला पहिली गाडी, दहा टाक्या, ५ लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांची, २५ लाख लिटरची. एका टाकीत ५० हजार लिटर म्हणजे ५० टन पाणी, चार आसांवर. नुसत्या पाण्याचेच आसामागं साडेबारा टन झाले, टाकीचं वजन वेगळंच. कॅलथ्रॉपच्या पाच टनांच्या रुळावर ती गाडी एक इंचभर आली नसती. मी त्या वेळी लातूरलाच होते. गाडी आली त्या दिवशी स्टेशनबाहेर माणसं कशी उभी होती, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मामा : मलाही माहीत आहे ते. पण बाई, ती गाडी आली कशी? आधी लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं, पुढं मिरजेपर्यंत झालं. रूळ, पूल, सिग्नल, सगळं बदललं आणि मग जड गाडी आणली. जुन्या रुळावर जड गाडी ठेवून ‘तुझं तू सांभाळ’ असं कुणी म्हणालं नाही. उलट तुझ्याच उदाहरणानं माझं म्हणणं पक्कं व्हायलंय. आधी लाइन, मग गाडी.

मी क्षणभर गप्प राहिले. मामांनी समोरच्या कागदावर १२ आणि ६ हे आकडे लिहिले आणि मधली रेघ रिकामी ठेवली.

मामा : चल, तुझंच घेऊ. सहा व्होल्ट इंजिनाच्या पोटात कसे उतरवशील, ते सांग.

मी : डायोडनं. सिलिकॉनचा डायोड आपल्यावर साधारण ०.७ व्होल्ट ठेवून घेतो, करंट थोडा कमीजास्त झाला तरी. इंजिन पुढंमागं दोन्हीकडं चालायचं, म्हणून प्रत्येक डायोडला एक उलटा जोडीदार. किंवा त्याहून सोपं, तयार ब्रिज घ्यायचा, त्याचे अधिक-उणे पाय एकमेकांना जोडायचे आणि एसीचे दोन पाय वाटेत टाकायचे. एका ब्रिजमागं १.४ व्होल्ट उतरतात, गाडी कुठल्याही दिशेला जाऊ दे.

मामा : सहा व्होल्ट उतरवायला?

मी : चार ब्रिज. ५.६ व्होल्ट.

मामा : आता उष्णतेचा हिशेब मांड.

मी : चालताना ७० मिलिअँपिअर, म्हणजे डायोडवर जेमतेम ०.४ वॅट. चालण्यासारखं आहे. पण अडलं तर... उरलेले ६.४ व्होल्ट भागिले १२ ओहम, अर्ध्या अँपिअरच्या वर करंट. डायोडवर ३ वॅट, मोटरीवर ३ हून जास्त.

मामा : सहा-साडेसहा वॅट, बंद कवचात. तुझं कवच कशाचं?

मी : थ्रीडी प्रिंटरच्या प्लॅस्टिकचं. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं.

मामा : म्हणजे मोटर वाचली तर इंजिन वितळायचं.

मी : मान्य करते, मामा. १२ व्होल्टच्या जागी ९-१० चालणारं इंजिन असेल, तर एक-दोन ब्रिज पोटात घालणं उत्तम. मार्कलिनची ६.५ मिलिमीटर रुळावरची चिमुकली इंजिनं साधारण १० व्होल्टची असतात, तिथं हा उपाय शोभतो. उतार मोठा असला की उष्णता पोटात ठेवून चालत नाही.

मामा : काही जण रेझिस्टन्स टाकतात.

मी : तो तर सगळ्यात फसवा. ७० मिलिअँपिअरला ६ व्होल्ट उतरवायचे तर साधारण ८२ ओहम लागतो. पण त्याचं उतरवणं करंटवर अवलंबून. चढाला इंजिनाला जास्त करंट हवा असतो, तेव्हाच तो जास्त व्होल्ट खातो आणि इंजिन उभं राहतं. उताराला करंट ४० वर आला की तो जेमतेम सव्वातीन व्होल्ट उतरवतो. इंजिनाला पावणेनऊ मिळतात आणि ते सुसाट सुटतं. गरजेला हात आखडतो आणि नको तिथं सैल सोडतो.

मामा : पण अडल्यावर?

मी : अडल्यावर मात्र तो वाचवतो. ९४ ओहममधून १२ व्होल्ट, म्हणजे करंट सव्वाशे मिलिअँपिअरच. मोटर जळायची नाही.

मामा : बघ, वाईट म्हणून टाकलेल्या वस्तूतसुद्धा एक गुण निघाला. व्होल्टेज आवरायला तो नालायक, करंट आवरायला लायक. आणि दोन मोटरी सिरीजमध्ये? तुझ्या डब्ल्यूसीएएमसारख्या?

मी : दोन सारख्या ६ व्होल्टच्या मोटरी एकाच इंजिनात एकामागे एक जोडल्या तर प्रत्येकीला सहा मिळतात. पण एक अडली आणि दुसरी मोकळी फिरली की बिघडतं. मोकळीचा उलटा दाब वाढतो, जवळजवळ सगळं व्होल्टेज तिच्याकडं जातं. दोन्ही मोटरी एकाच गिअरला बांधलेल्या असतील तरच हा उपाय भरवशाचा.

मामा : आता माझं ऐक. मी रुळावर जाणारी वीजच सहाची करतो. तुमचा तो ३१७ नंबरचा रेग्युलेटर, एलएम ३१७. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याला २४० ओहमचा एक रेझिस्टन्स आणि १ किलोओहमचा फिरवायचा पॉट. हिशेब तू कर.

मी : १.२५ गुणिले, एक अधिक हजार भागिले दोनशे चाळीस... ६.४६. साडेसहा व्होल्ट.

मामा : म्हणजे लेकरानं नॉब शेवटपर्यंत फिरवला तरी साडेसहाच्या वर काही जाणार नाही. तिथं लाल खूणही नको आणि ओरडायलाही नको. हीट सिंक लावायची. उष्णता रेग्युलेटरच्या डब्यात, उघड्या हवेत, प्लॅस्टिकपासून लांब. तो जास्त तापला तर आपणच हात आखडता घेतो, ती सोय आतच आहे.

मी : जोडणार कुठं? तुमच्या कंट्रोलरच्या पुढं जोडलात तर गाडी उलटी न्यायला कंट्रोलर अधिक-उणे फिरवेल आणि रेग्युलेटरला उलटा दाब मिळेल. तो मरेल.

मामा : म्हणून त्या कंट्रोलरच्या पुढं नाहीच. वेगळा डबा. १२ व्होल्ट १ अँपिअरचा तयार अॅडाप्टर, त्याच्या पुढं रेग्युलेटर, त्याच्या पुढं दिशा बदलायचा सहा पायांचा स्विच आणि मग रूळ. दिशा बदलणं सगळ्यात शेवटी. आणि एक गोष्ट मी कुणाचंच ऐकणार नाही. २३० व्होल्टची बाजू घरी बांधायची नाही. मानक ब्युरोच्या नोंदणीचा मार्क असलेला बंद अॅडाप्टर आणायचा. जुना ट्रान्सफॉर्मर उघडून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवणारे हौशी लोक मी पाहिलेत. २०२१ पासून खेळण्यांना मानक ब्युरोचा मार्क सक्तीचा आहे, विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे वेगळं मानक आहे, ते उगाच नाही. सहा व्होल्ट चुकले तर मोटर जाते. २३० चुकले तर लेकरू जातं.

मी : त्यात वाद नाही, मामा. पण तुमच्या डब्यात एक भोक आहे. माडीवर दोन प्रकारचे रूळ आहेत. मोठ्या इंजिनाचा १६.५ मिलिमीटरचा आणि माझा ९ मिलिमीटरचा. मोठ्या इंजिनाला पूर्ण १२ हवेत. दोन डबे, दोन वायरी. उद्या कुणीतरी चुकीची वायर चुकीच्या रुळाला लावेल. फिरून गोष्ट हातावरच आली.

मामांनी उत्तर दिलं नाही. उठून त्यांनी मोठं डिझेल इंजिन घेतलं आणि माझ्या अरुंद रुळावर ठेवायचा प्रयत्न केला. ते बसलं नाही, आडवं झालं. मग माझं इंजिन मोठ्या रुळावर ठेवलं. चाकं दोन रुळांच्या मध्ये पडली.

मामा : लहान होतो तेव्हा नांदेडला मीटरगेज होतं. लातूरला तुझी अडीच फुटी. डबे एकमेकांच्या रुळावर जायचे नाहीत, माल एका गाडीतून काढून दुसरीत भरावा लागायचा. लोक वैतागायचे. पण इथं तीच अडचण राखण करायला लागलीय. दोन्ही डब्यांचे प्लग वेगळ्या आकाराचे ठेवू, वायर आपापल्या रुळाखाली पक्की डाग देऊन बसवू. नऊच्या रुळावर साडेसहाच्या वर काही येणार नाही. कुणी पाहुणा ९ मिलिमीटरचं १२ व्होल्टचं इंजिन घेऊन आला तर ते इथं हळू चालेल, जळणार नाही. चूक झाली तरी ती सुखाच्या बाजूला पडावी, एवढंच मी बघतो.

मी : हे मला पटलं. मनापासून पटलं. पण पाहुणा जसा तुमच्याकडं येईल तसं माझं इंजिनही पाहुणं जाईल. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथं सगळ्या गाड्या एका टेबलावरून चालतात, प्रेक्षक नॉबला हात लावत नाहीत, इंजिनं बाहेर जात नाहीत. अशा जागी तुमची पद्धत पुरेशी आहे. माझं इंजिन मात्र लातूरहून नांदेडला आलं, उद्या एखाद्या मैत्रिणीच्या रुळावर जाईल, तिथं १२ असतील. कुठं डिजिटल कंट्रोलर असेल, तिथं तर रुळावर कायमच चौदा-पंधरा व्होल्ट. कंट्रोलर घरी राहतो, इंजिन हिंडतं. हिंडणाऱ्यानं आपलं संरक्षण बरोबर घ्यायला नको?

मामा : घ्यावं. पण सहा व्होल्ट पोटात उतरत नाहीत, हे आत्ताच कागदावर आलं.

मी : व्होल्ट उतरत नाहीत. करंट अडवता येतो. आठवा तुमचंच वाक्य, दोन शत्रू. वेग वाढवतं ते व्होल्टेज, उष्णता वाढवतो तो अडलेला करंट. एकाला बाहेर थांबवू, दुसऱ्याला आत. पॉलीफ्यूज म्हणून एक चकती मिळते, नखाएवढी. १०० मिलिअँपिअर ती सोसते. दुप्पटीच्या वर गेला की थोड्या वेळात तापून वाट जवळजवळ बंद करते. वीज काढली की गार होते आणि परत चालू. बदलावी लागत नाही. इंजिनात दिव्यामागं जागा आहे.

मामा : नांदेडच्या मे महिन्यात?

मी : चाळीसच्या पुढं पारा गेला की तिची सोसायची ताकद पाचवा हिस्सा तरी घटते. म्हणजे ८०. इंजिन ६०-७० वर चालतं, तेव्हा भागतं. डबे फार जोडायचे नाहीत, एवढंच.

मामा : मग माझाही एक नग घे. सिरीज बल्ब. कुठलाही वायरमन नवीन वस्तू पहिल्यांदा सरळ लाइनीवर लावत नाही, बल्ब मध्ये घालतो. गाडीच्या पार्किंग लाइटचा, १२ व्होल्ट ५ वॅटचा. अॅडाप्टर आणि रेग्युलेटरच्या मध्ये. गार असताना त्याचा रेझिस्टन्स कमी, इंजिन चालताना तो दिसतही नाही. डबा घसरून रूळ शॉर्ट झाला की पेटतो, आणि करंट चारशे मिलिअँपिअरच्या आसपास धरून ठेवतो. लेकराला वाचता येत नसलं तरी दिवा लागलेला कळतो.

मी : म्हणजे दाब रुळावर आवरला, प्रवाह इंजिनात. आणि दिवा दोघांच्या आधी.

मामा : पाण्याच्या टाकीसारखं झालं हे. टाकी किती उंच बांधायची ते गावानं ठरवायचं, नळाला चावी ज्यानं त्यानं आपल्या घरात लावायची. एकानं दुसऱ्याचं काम करू नये.

मी : आणि इंजिनाच्या पोटाखाली मी ‘६ व्होल्ट’ लिहिते. मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीवर तिचं वजन आणि भार लिहिलेला असतो. त्या पाटीवर कुणी विश्वास ठेवून भागवत नाही, पण पाटी नसलेली वाघीण कुणी लाइनीवर घेत नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून डबा बांधला. मामांनी डाग दिले, मी मीटर धरला. आधी रूळ रिकामा ठेवून नॉब पूर्ण फिरवला : ६.५. मग इंजिनात नवी मोटर बसवली, रुळावर ठेवलं, मालिकेत मीटर घालून करंट पाहिला : ६८ मिलिअँपिअर. दहा मिनिटं फेऱ्या मारू दिल्या आणि कवच काढून मोटरीवर बोट ठेवलं. कोमट होती, बोट काढावं लागलं नाही. मग मी इंजिन हातानं धरून चाकं अडवली. बल्ब मंद लाल झाला, थोड्या वेळानं विझत गेला. आत पॉलीफ्यूजनं वाट बंद केली होती. नॉब शून्यावर आणला, गार होऊ दिलं, पुन्हा फिरवला. इंजिन चाललं. शेवटी मुद्दाम जाड तारेनं दोन रूळ जोडले. बल्ब लख्ख पेटला आणि बाकी कशालाही काही झालं नाही.

मला त्या रात्री जे कळलं ते मी वर्गात इतकी वर्षं शिकवूनही नीट सांगितलं नव्हतं. सावधपणा हा चांगला गुण आहे, पण तो यंत्राचा भाग नव्हे. माणूस थकतो, विसरतो, चहा घ्यायला खाली जातो. ज्याच्यावर प्रेम आहे त्या वस्तूची मर्यादा वायरीत बांधावी. आणि बांधताना आधी विचारावं, मारणारी गोष्ट कोणती आणि ती कुठून येते. एकाच ठिकाणी सगळ्या रोगांचं औषध ठेवायला गेलं की इंजिन तरी वितळतं, नाहीतर पाहुणं म्हणून कुठं जाता येत नाही.

सकाळी नातू माडीवर आला. दिवाळीपासून तो त्या नॉबपासून लांबच राहत होता. इंजिन आपल्यामुळं जळलं हे त्याच्या मनात बसलं होतं. मामांनी त्याला उचलून स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, ‘फिरव.’ त्यानं अर्ध्यावर थांबून मामांकडं पाहिलं. ‘पूर्ण फिरव.’

त्यानं शेवटपर्यंत फिरवला. बार्शी लाइटचं इंजिन तीन डबे घेऊन आपल्या बेताच्या वेगात वळणावर गेलं, लातूरच्या कागदी पाटीसमोरून पुढं आलं आणि परत वळणाला लागलं. दिवाळीभर या माडीवर मामांचा एकच शब्द घुमत होता : हळू, हळू, हळू. त्या सकाळी तो कुणालाच म्हणावा लागला नाही. लेकराच्या हातात नॉब होता आणि आम्ही दोघं नुसते गाडीकडं पाहत होतो.